पिल्लाची शाळा, घराचा अभ्यास

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याने कोणी ती पहिल्यांदा म्हटली, त्याला माणसांविषयी बोलायचे होते. कुत्रा बिचारा नुसता उदाहरणापुरता आला. पण अलीकडे शहरांतून कुत्र्यांना शिस्त लावण्याचे जे वर्ग निघाले आहेत, त्यांतले काही पाहिले की वाटते, या मंडळींनी ती म्हण शब्दशः मनावर घेतली आहे. नळीच्या जागी साखळी आली, एवढाच फरक.

सकाळी सातच्या सुमारास कोणत्याही मोठ्या सोसायटीच्या आवारात हे दृश्य दिसते. मास्तर मोटारसायकलवरून येतात. तिसऱ्या मजल्यावरचे लॅब्रॅडॉरचे पिल्लू खाली आणले जाते. अर्धा तास त्याला गोल फिरवले जाते. ‘सिट’, ‘स्टे’, ‘हील’ असे हुकूम सुटतात. गळ्यातल्या साखळीला एक झटका बसला, की पिल्लू खाली बसते. मग मास्तर त्याला वर पोचवतात आणि पुढच्या घरी जातात. दोन महिन्यांनी ते सांगतात, “साहेब, कुत्रा तयार झाला.” त्या संध्याकाळी साहेब स्वतः ‘सिट’ म्हणून पाहतात. कुत्रा त्यांच्याकडे मोठ्या प्रेमाने बघतो, शेपूट हलवतो आणि सोफ्यावर चढतो. साहेबांना वाटते, पैसे पाण्यात गेले. कुत्र्याच्या हिशेबात मात्र काहीच चुकलेले नसते. बसायचे असते ते मास्तर आले की, आणि खाली आवारात. वर घरातही तोच नियम आहे, हे त्याला कोणी सांगितले होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला गेले, की पिल्लासाठी वर्ग कसा निवडावा याचेही उत्तर सापडते. फी किती, वर्ग घरापासून किती लांब, मास्तरांच्या भिंतीवर प्रमाणपत्रे किती, या चौकशा जरूर कराव्यात. पण त्या नंतरच्या. पहिला प्रश्न एकच: या वर्गात शिकणार कोण? नुसते पिल्लू शिकणार असेल, तर तो वर्ग आपल्या कामाचा नाही. ज्या वर्गात घरातल्या माणसांच्या हातात पट्टा दिला जातो, त्यांच्या चुका दाखवल्या जातात आणि त्यांना घरी करायला अभ्यास दिला जातो, तोच वर्ग खरा. कुत्र्याची शाळा ही मुळात घराची शाळा असते.

वाड्यातला कुत्रा आणि फ्लॅटमधला कुत्रा

यावर घरातली वडीलधारी माणसे हमखास म्हणतात, “आमच्या वाड्यात मोत्या होता. त्याला कोणी कुठल्या शाळेत घातले होते? तरी कधी कोणाला चावला नाही.” हे म्हणणे खोटे नाही. पण तो मोत्या कसा राहत होता ते आठवून पाहावे. त्याला अंगण होते, ओटा होता. दिवसातून पन्नास माणसे त्याच्यासमोरून ये-जा करीत. दूधवाला, पोस्टमन, कल्हईवाला, पाहुणे, शेजारची पोरे ही सगळी त्याने डोळे उघडल्यापासून पाहिलेली. नकोसे झाले की उठून तो परसात जाऊन पडे. कोणी त्याला लिफ्टमध्ये अनोळखी माणसाच्या पायाशी उभे केले नाही, की दिवसाचे नऊ तास बंद घरात एकटे ठेवले नाही. त्याला शाळा नव्हती असे नाही. वाडा हीच त्याची शाळा होती.

आज पिल्लू येते ते सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. आई-वडील नोकरीवर, मुले शाळेत आणि क्लासला. दाराची बेल वाजली की बाहेर कोण आहे हे त्याला कळत नाही. लिफ्टचे दार उघडते तेव्हा समोर हेल्मेट घातलेला माणूस उभा असतो. खंडोबाबरोबर कुत्रा आहे, दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री आहेत, धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत चालत गेला तोही कुत्राच. आपल्या कथांनी त्याला मानाची जागा दिली. जिन्यात आणि लिफ्टमध्ये त्याने कसे वागावे हे मात्र त्यांतून कळत नाही. ते आपणच शिकवायचे आहे, आणि त्यासाठी आधी आपण शिकायचे आहे.

हे झाले नाही तर काय होते? सहा महिन्यांचे होईपर्यंत पिल्लाचे सगळे कौतुक असते. उडी मारली की “बघा, कसा लाड करतो!” बोट चावले की “दात येताहेत त्याचे.” सहा महिने ते दीड वर्ष हा कुत्र्याचा वयात येण्याचा काळ. तेव्हा तोच कुत्रा पंचवीस-तीस किलोंचा होतो, तीच उडी आजींना पाडते, तोच चावा कामवाल्या बाईंच्या हाताला लागतो. मग तो ‘हाताबाहेर गेला’ असे ठरते. कोणी बाल्कनीत बांधून ठेवते, कोणी ओळखीच्या शेतावर पाठवते, आणि कोणी रात्री गाडीत घालून हमरस्त्यावर सोडून येते. २०२०च्या टाळेबंदीत हौसेने आणलेली काही पिल्ले कार्यालये उघडल्यावर रस्त्यावर आली, हे आपण वाचले आहे. वर्गाची निवड ही त्यामुळे हौसेची बाब राहत नाही. तो कुत्रा पुढची दहा-बारा वर्षे त्या घरात राहणार की नाही, हे पुष्कळदा या पहिल्या काही महिन्यांत ठरते.

वेळ थोडा असतो

पिल्लाच्या आयुष्यात एक काळ असा असतो, की त्या वेळी जे पाहिले, ऐकले, हुंगले ते त्याला कायमचे आपले वाटते. अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांवर दीर्घकाळ संशोधन केले. त्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत हा काळ असतो, असे त्यातून पुढे आले. तेथेच झालेल्या आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणसाचा सहवास मिळू दिला नव्हता. ती पिल्ले पुढे माणसाला भीतच राहिली. दार उघडे असते, तोवर आत यायचे. नंतर दार बंद होत नाही कदाचित, पण फार जड होते.

आता हिशेब करून पाहा. पिल्लू घरी येते तेव्हा ते बहुधा सात-आठ आठवड्यांचे असते. म्हणजे आपल्या हातात उरतात जेमतेम चार-पाच आठवडे. आणि नेमक्या याच काळात डॉक्टर सांगतात, लसीकरण पुरे होईपर्यंत बाहेर नेऊ नका. त्यांचेही बरोबर आहे. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, आणि तो झालेले पिल्लू हातचे जायला दोन-तीन दिवस पुरतात. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, शेवटची सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर, आणि रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर, असे साधारण वेळापत्रक असते. म्हणजे लसी पुऱ्या होतात तेव्हा शिकण्याचा तो खास काळ संपलेला असतो.

या पेचावर अमेरिकेतील प्राणिवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ साली आपले मत जाहीर केले. निदान पहिली लस देऊन सात दिवस झाले असतील आणि जंताचे औषध दिले असेल, तर सात-आठ आठवड्यांचे पिल्लूही वर्गात जाऊ शकते, असे तिने म्हटले. आपल्याकडे रस्त्यावर लस न टोचलेली कुत्री पुष्कळ आहेत, म्हणून हा सल्ला जसाच्या तसा उचलता येत नाही. आपल्या डॉक्टरांशी बोलूनच तो अमलात आणावा. पण त्यातून वर्गाविषयी दोन कसोट्या मिळतात. पहिली, वर्ग कुठे भरतो? सार्वजनिक मैदानाच्या मातीवर लहान पिल्लांचा वर्ग भरत असेल, तर लसी पुऱ्या होईपर्यंत तो टाळावा. धुता येणारी फरशी, बंद आवार, असे असेल तर बरे. दुसरी, वर्गात घेण्याआधी लसीचे कार्ड मागतात का? “काही होत नाही हो, आणा तुम्ही,” असे म्हणणाऱ्या मास्तरांच्या वर्गात इतरांची पिल्लेही कार्डाशिवायच आलेली असणार, हे ओळखावे.

तसा वर्ग जवळपास नसेल, तर पिल्लाला कडेवर घेऊन फिरावे. गॅलरीतून रहदारी दाखवावी, रिक्षात बसवावे, लांबून ढोल-ताशा ऐकवावा, छत्री उघडून-मिटून दाखवावी. पावसाळ्यात आणलेल्या पिल्लापुढे गणपती आणि मागोमाग दिवाळी उभी असते, हे विसरू नये. चांगला शिक्षक हे सगळे पहिल्याच भेटीत सांगतो. जो थेट ‘सिट-स्टे’पासून सुरुवात करतो, त्याला हुकूम महत्त्वाचा वाटतो, आपल्याला हवा असतो तो न भिणारा, न भिववणारा कुत्रा.

धाकाचे शास्त्र कुठून आले?

साखळीच्या झटक्याची ही पद्धत आपली नव्हे. कोनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याने १९१० साली कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले, तेव्हापासून ती लष्करे आणि पोलीस दले यांच्यामार्फत जगभर पसरली. अमेरिकेत विल्यम केलर यांच्या १९६२ सालच्या पुस्तकाने ती घराघरांत नेली. त्या काळातल्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. मुलांच्या शाळांतही तेव्हा छडी होतीच.

पुढे तिला ‘अल्फा’चा आधार मिळाला. लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, तो इतरांना दाबून ठेवतो. कुत्रा लांडग्याचा वंशज. म्हणून घरातल्या माणसाने म्होरक्या व्हावे, कुत्र्याला उताणा पाडून दाबून धरावे, असे सांगितले जाऊ लागले. या कल्पनेचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली लिहिलेल्या निबंधात आहे. त्यांनी पाहिलेले लांडगे पिंजऱ्यात एकत्र कोंडलेले होते. डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या पुस्तकाने तिला लोकप्रियता दिली. पण त्याच मेक यांनी नंतर मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिले आणि १९९९ साली लिहिले, की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरे, एक कुटुंब. तिथे सत्तेसाठी रोज मारामारी नसते. ज्यांच्या पुस्तकाने हा शब्द रूढ केला त्यांनीच तो मागे घेतला; आपल्याकडचे काही मास्तर मात्र अजून तोच धडा गिरवीत आहेत. वर्गाची चौकशी करताना ‘अल्फा’, ‘बॉस’, ‘त्याला जागा दाखवली पाहिजे’ असे शब्द कानावर आले, तर नमस्कार करून निघावे.

दुसरी वाटही तोवर तयार झाली होती. ब्रिटिश पशुवैद्य इयन डनबार यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात लहान पिल्लांसाठी वर्ग सुरू केले. त्यांत पिल्ले मोकळी सोडलेली असत आणि बरोबर केले की खाऊ, कौतुक, खेळ मिळे. केरन प्रायर यांनी डॉल्फिन शिकवताना आलेला अनुभव १९८४ सालच्या पुस्तकातून कुत्र्यांपर्यंत आणला. डॉल्फिनला साखळी घालता येत नाही. तो रागावला तर टाकीच्या पलीकडच्या टोकाला निघून जातो. त्याला शिकवायचे तर त्याला शिकावेसे वाटले पाहिजे. कुत्र्याला साखळी घालता येते, एवढ्यासाठीच आपण ती घालत आलो.

“पण धाकाने लवकर शिकतो,” असे म्हणणारे आहेत. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. झटके, दटावणी यांवर चालणाऱ्या वर्गांतली कुत्री जास्त ताणाखाली दिसली. त्यांच्या लाळेत ताणाचे संप्रेरक वर्गानंतर जास्त वाढलेले आढळले. वर उल्लेखिलेल्या पशुवैद्यांच्या संघटनेनेही २०२१ साली सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसाच्याच पद्धतीची शिफारस केली. विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्यांवर वेल्सने २०१० सालीच बंदी घातली.

आणि आपल्या घरासाठी याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. कुत्रा गुरगुरतो तेव्हा तो आपल्याला सांगत असतो, की मला हे सहन होत नाही, लांब व्हा. गुरगुरल्याबद्दल त्याला मारले, तर तो गुरगुरणे सोडून देतो. सहन होत नसते ते नसतेच. असा कुत्रा पुढे काही न सांगता चावतो, आणि आपण म्हणतो, “इतका शांत होता, अचानक कसा चावला?” ज्या घरात लहान मूल आहे, त्या घराने हा मुद्दा पाटीवर लिहून ठेवावा. चावा हलका असला, कुत्रा घरचा आणि लस टोचलेला असला, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते. गुरगुरणे ही घरातली मोफत धोक्याची घंटा आहे. ती मोडून टाकण्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत.

अर्धाच उचललेला वारसा

आपल्याकडचे बरेच शिक्षक लष्करातून किंवा पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले असतात. त्यांच्यात कुत्रा ओळखणारी, हाताला संयम असणारी माणसे आहेत, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण लष्करात कुत्रा एकटा शिकत नाही. त्याचा हँडलर त्याच्याबरोबर शिकतो. दोघांची जोडी लागते, तो हँडलर त्याला खाऊ घालतो, खरारा करतो, आजारपणात त्याच्याजवळ बसतो. स्फोटके हुंगणारा कुत्रा कोणाही माणसाच्या हातात देऊन काम होत नाही, हे त्या खात्यातल्या शिपायालाही माहीत असते. हीच पद्धत सोसायटीत आली तेव्हा हँडलर गाळला गेला आणि हुकूम तेवढे उरले. मालक वर चहा पीत बसला आणि कुत्रा खाली एकटाच भरती झाला.

त्याहून पुढची पायरी म्हणजे पिल्लाला महिना-दीड महिना मास्तरांच्याच घरी ठेवून ‘तयार करून’ आणणे. हे फार सोयीचे वाटते. तिथे बंद दाराआड काय होते ते आपल्याला दिसत नाही, आणि परत येणारा कुत्रा आपल्या घराविषयी काही शिकून आलेला नसतो. पिल्लाचे ते सोन्यासारखे आठवडे दुसऱ्याच्या घरी गेलेले असतात. अगदीच अडचण असल्याशिवाय हा मार्ग घेऊ नये.

पाहायला जाल तेव्हा

वर्ग ठरवण्याआधी एकदा पिल्लाला घरी ठेवून नुसते पाहायला जावे. पाहू देत नसतील, तर चौकशी तिथेच संपली. पाहू दिले, तर मास्तरांकडे फार पाहू नये; त्यांचा स्वतःचा कुत्रा तर पाहूच नये, तो उत्तम वागणारच. नव्याने आलेल्या कुत्र्यांकडे बघावे. मास्तर जवळ आले की ती पुढे होतात, की कान मागे घेऊन अंग चोरतात? शेपूट सैल हलते आहे, की पायांत गेले आहे? पुन्हा पुन्हा जांभया, ओठ चाटणे, तोंड फिरवणे ही कंटाळ्याची लक्षणे वाटतात, पण ती बहुधा अस्वस्थतेची असतात. गप्प बसलेला कुत्रा शिकलेलाच असतो असे नाही. काही कुत्री घाबरून गप्प बसतात.

मग हातांकडे बघावे. आवळत जाणारी साखळी, आतून दाते असलेला पट्टा, छडी, गुंडाळलेले वर्तमानपत्र यांतले काही दिसले तर दुसरा वर्ग शोधावा. बक्षीस म्हणून काय देतात तेही पाहावे. हरभऱ्याएवढा तुकडा पुरतो. शाकाहारी घरात पनीर, उकडलेले गाजर, सफरचंदाची फोड चालते. चॉकलेट, बेदाणे, कांदा हे मात्र कुत्र्याला विषासमान, आणि हे ज्या शिक्षकाला माहीत नाही त्याच्याकडे बाकीचे काय शिकणार? बक्षीस लगेच, एक-दोन सेकंदांत मिळते का, याकडेही लक्ष द्यावे. उशिरा दिलेला खाऊ कशाबद्दल होता हे पिल्लाला कळत नाही.

शिक्षकांना एकच प्रश्न विचारावा: “पिल्लू चुकले, तर तुम्ही काय करता?” जो शिक्षक म्हणतो, “धडा अवघड झाला असेल, सोपा करून पुन्हा घेतो,” तो आपला माणूस. जो म्हणतो, “चुकायचा प्रश्नच नाही, माझी गॅरंटी आहे,” त्याच्यापासून जपून राहावे. जिवंत प्राण्याची गॅरंटी देता येत नाही, आणि जी दिली जाते तिची वसुली कोणाच्या मानेवरून होते, हे सांगायला नको. आपल्याकडे डॉक्टर-वकिलांसारखी कुत्र्यांच्या शिक्षकांची नोंदणी परिषद नाही. पाटी कोणीही लावू शकतो. म्हणून पारख आपणच करायची.

आणखी दोन-तीन गोष्टी. एका शिक्षकामागे सहा-सात पिल्लांहून जास्त गर्दी नसावी. उन्हाळ्यात वर्ग सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर असावा. तापलेल्या फरशीवर आपल्याला उलटा हात पाच सेकंद टेकवता येत नसेल, तर पिल्लाचे पाय तिथे टेकवू नयेत. आणि वर्गातला निम्म्याहून अधिक वेळ शिक्षक माणसांशी बोलत असावा. हे शेवटचे लक्षण सगळ्यांत खरे.

घरातले पाच मालक

कारण खरी गंमत घरीच असते. बाबा म्हणतात ‘सिट’, आई म्हणते ‘बस’, दुपारी सांभाळणाऱ्या बाई म्हणतात ‘बैठो’, आणि आजोबा म्हणतात “अरे, बस ना रे आता, किती त्रास देशील!” पिल्लाने यांतला शब्द कोणता धरावा? कोणती भाषा हा प्रश्न नाही. ‘बस’ला काही ‘सिट’पेक्षा कमी अक्कल लागत नाही. शब्द एक हवा आणि तो सगळ्यांचा हवा. एकाने सोफ्यावर चढू द्यायचे, दुसऱ्याने ओरडायचे. जेवताना एकाने घास टाकायचा, दुसऱ्याने हट म्हणायचे. अशा घरात कुत्रा बिघडत नाही, तो फक्त गोंधळतो. म्हणून वर्गाला घरातली जितकी माणसे आळीपाळीने येऊ शकतील तितकी यावीत. कुत्र्याला फिरवायला ठेवलेला मुलगा असेल तर त्यालाही आणावे, आणि त्याला मागे उभा न ठेवता पट्टा त्याच्या हातात द्यावा. रोज तोच तर त्याच्याबरोबर असतो.

पैशाचा मुद्दा राहतो. चांगले वर्ग मोठ्या शहरांत आहेत, आणि ते सर्वांना परवडतीलच असे नाही. पण रोज पाच-पाच मिनिटांचे तीन-चार धडे, एक शब्द, मूठभर खाऊ आणि सगळ्या घराचे एकमत, याला फी पडत नाही. चार घरांनी मिळून एका चांगल्या शिक्षकाला रविवारी बोलावले तर खर्चही वाटला जातो, आणि पिल्लांना एकमेकांची सोबतही मिळते. रस्त्यावरून उचलून आणलेले गावठी पिल्लूही याच रीतीने शिकते. जातीचे प्रमाणपत्र त्याला लागत नाही. महापालिकांनी कुत्र्याचा परवाना देताना मराठीत एक साधे माहितीपत्रक हातात ठेवले, आणि पशुवैद्यांनी पहिल्या लसीच्या वेळी दहा मिनिटे या विषयावर खर्च केली, तरी बरेच काम होईल. आज परवाना म्हणजे पावती, आणि लस म्हणजे टोचणी, एवढ्यावरच भागते.

१९६०च्या कायद्याने प्राण्याला मारहाण करणे हा गुन्हा ठरवला. मुलांच्या शाळेतली छडी २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने गेली. तेव्हाही पुष्कळांनी विचारले होते, छडीशिवाय मुले शिकणार कशी? शिकली. शिक्षकांना थोडे जास्त शिकावे लागले, इतकेच. पिल्लाच्या बाबतीत तो जास्तीचा अभ्यास आपल्या वाट्याला आला आहे.

तेव्हा पुढच्या रविवारी पिल्लासाठी वर्ग पाहायला निघाल, तर घरातल्या सगळ्यांनी मिळून जा आणि शेपटांकडे नीट लक्ष द्या. शेपूट सरळ करायचे नसतेच. ते काय म्हणते आहे, एवढे समजले की पुरे. आणि ते समजावून सांगणारा शिक्षक भेटला, तर फीची घासाघीस करू नका.